पटावरचा राजा चेकबुकात कसा गेला

बुद्धिबळाच्या पटावर राजा अडचणीत आला की जुने खेळाडू ‘शह’ म्हणतात आणि शिबिरात शिकून आलेली मुले ‘चेक’ म्हणतात. आजोबा मराठीत खेळतात आणि नातू इंग्रजीत, असे आपण समजून चालतो. खरे तर दोघांच्या तोंडी एकच शब्द असतो. फारसीतला ‘शाह’ थेट दख्खनेत आला तो ‘शह’ झाला. तोच अरबांबरोबर युरोपात गेला, फ्रेंचांच्या जिभेवर घोळला, इंग्लंडला पोहोचेपर्यंत ‘चेक’ झाला आणि शेवटी साहेबाच्या बोटीतून आपल्याकडे परत आला. मधल्या काळात त्याचा अवतार इतका बदलला होता, की घरच्यांनी त्याला ओळखलेच नाही.

आज मराठी माणूस हा शब्द दिवसातून किती वेळा वापरतो ते मोजून बघावे. निघताना गॅस चेक करायचा. लोकलमध्ये टीसी पास चेक करतो. चाळिशी उलटली की वर्षातून एकदा चेक-अप. भाडेकरूने दिलेला चेक वटला नाही की डोक्याला ताप. दिवाळीला चेक्सचा शर्ट. मुंबई आणि ठाण्याच्या हद्दीवर मुलुंड चेकनाका आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकात संपली, पण रिक्षावाल्याला आजही ‘चेकनाका’च सांगावा लागतो. तपासणे, अडवणे, बँकेचा कागद आणि कापडावरच्या चौकड्या या चार गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय? वरवर पाहता काहीच नाही. योगायोगाने सारखे ऐकू येणारे चार वेगळे शब्द असावेत असेच वाटते. पण हे चारही अर्थ पटावरच्या एका राजापासून निघाले आहेत. (मराठीत ‘चेक’ असाच लिहिला जाणारा युरोपातला देश मात्र या कुळातला नाही. तो शब्द स्लाव लोकांचा, स्वतंत्र.)

आधी राजाचे कूळ पाहू. इराणमधल्या बेहिस्तून इथल्या कड्यावर सम्राट दारयवहुने, म्हणजे इंग्रजी पुस्तकांतल्या डरायसने, इसवी सनापूर्वी ५२०च्या सुमारास एक मोठा लेख कोरून घेतला. त्यात तो स्वतःला राजांचा राजा म्हणवतो. राजासाठी तिथे ‘ख्शायथिय’ असा शब्द आहे. जुन्या फारसीतला हा ‘ख्शाय’ आणि संस्कृतातला ‘क्षि’, म्हणजे सत्ता चालवणे, हे एकाच धातूचे दोन उच्चार. आपला ‘क्षत्र’ आणि ‘क्षत्रिय’ त्याच गोतातले. ‘ख्शायथिय’ शतकानुशतके झिजत झिजत ‘शाह’ एवढाच उरला. ‘राजांचा राजा’ याचे झाले ‘शाहानशाह’.

या गोतावळ्यातली माणसे मराठीत जागोजाग भेटतात. बादशहा आहेच. ‘शहर’ हा शब्दही मुळात ‘क्षत्र’चाच इराणी भाऊ, आधी अर्थ राज्य असा होता, तो आकसत आकसत नगरावर आला. मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराच्या नावावरून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली असे परंपरा सांगते. म्हणजे शहाजीराजांच्या नावातही तोच शब्द. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या शिलालेखांत नहपानाला ‘क्षत्रप’ म्हटले आहे. तो इराणी शब्द, अर्थ राज्याचा रक्षक. म्हणजे ‘शाह’ची एक शाखा बुद्धिबळाच्या आधीच, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, गोदावरीकाठी येऊन राहिली होती. मात्र ‘शहा’ने सुरू होणारा प्रत्येक शब्द या घराण्यात घुसवू नये. ‘शहाणा’ हा ‘सज्ञान’ पासून आला. आणि शहामृगात ना शाह आहे ना मृग. ते फारसी ‘शुतुरमुर्ग’, म्हणजे उंटपक्षी, आपण आपल्या सोयीने वळवून घेतलेले.

आता पट. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या चार अंगांचे सैन्य म्हणजे चतुरंग. त्यावरून खेळाचे नाव पडले. तो खेळ ज्या आठ बाय आठ घरांच्या पटावर मांडत, त्याला अष्टापद म्हणत. सातव्या शतकात बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त हर्षाच्या राज्यातल्या शांततेचे वर्णन करताना एक कोटी केली आहे. तिचा भावार्थ असा, की या राज्यात चतुरंगाची मांडणी शिकवली जाते ती फक्त अष्टापदावर. खरे सैन्य उभे करायची वेळच येत नाही. कोटी वाचकाला कळायची तर खेळ आधी माहीत असायला हवा. त्यामुळे तोवर उत्तर भारतात तो रुळला होता हे नक्की.

इराणमध्ये चतुरंगाचे ‘चत्रंग’ झाले. फिरदौसीच्या ‘शाहनाम्या’त याची एक गोष्ट आहे. हिंदुस्थानच्या राजाने नौशेरवान बादशहाकडे हा पट पाठवला आणि निरोप दिला, की खेळ कसा खेळायचा ते तुमच्या विद्वानांनी ओळखून दाखवावे. वजीर बुजुर्गमिहरने ते कोडे सोडवले. ही गोष्ट दंतकथाच, पण खेळ कुठून कुठे गेला याबद्दल इराणी लोकांच्या मनात शंका नव्हती हे तीवरून दिसते. अरबांनी इराण घेतले, चत्रंगचे ‘शतरंज’ केले आणि तो स्पेनपर्यंत नेला. आल्प्समधल्या आइनझीडेल्न इथल्या मठात सुमारे ९९७ सालची एक लॅटिन कविता आहे; युरोपातले बुद्धिबळाचे ते सर्वांत जुने लेखी वर्णन मानतात.

इथे युरोपच्या भाषांत दोन तट पडले. अरबांच्या थेट शेजारात असलेल्या स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांनी खेळाचे नाव उचलले. स्पॅनिशमध्ये ते झाले ‘आखेद्रेस’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘शाद्रेश’. उच्चार कितीही परका वाटला तरी दोन्हींच्या पोटात आपला ‘चतुरंग’ आहे. गोव्यात साडेचारशे वर्षे राज्य केलेल्या पोर्तुगीजांच्या तोंडी या खेळाचे नाव हे होते. गंमत म्हणजे त्यांच्या भाषेत ‘शाद्रेश’चा अर्थ चौकड्यांचे कापड असाही होतो, आणि बोलीभाषेत तुरुंग असाही, गजांची जाळी पटासारखी दिसते म्हणून.

बाकीच्यांनी खेळाचे नाव सोडून राजाचे धरले. जर्मन ‘शाख’, इटालियन ‘स्काक्की’, फ्रेंच ‘एशेक’. रशियनांनी तर अख्खी घोषणाच उचलली; त्यांच्याकडे खेळालाच ‘शाख्मती’ म्हणतात, म्हणजे शह-मात. जुन्या फ्रेंचमध्ये एकवचन ‘एस्चेक’ होते, अनेकवचन ‘एस्चेस’. इंग्रजांनी दोन्ही घेतली. एकवचनाचे ‘चेक’ झाले आणि अनेकवचनाचे ‘चेस’. म्हणजे शब्दशः पाहिले तर चेस म्हणजे ‘पुष्कळ शाह’. मराठीने यातले काहीच केले नाही. खेळाला तिने स्वतःचे ‘बुद्धिबळ’ हे नाव दिले. पण पटावरच्या घोषणा, शह आणि मात, फारसीच राहू दिल्या. शिवाय वजिराला वजीरच राहू दिले. युरोपात त्याची राणी झाली आणि आपल्याकडची मुले आता ‘क्वीन’ म्हणू लागली आहेत, ते मला अजून रुचत नाही.

राजाचे नाव घेऊन ओरडायचे तरी कशाला? तर सावध करण्यासाठी. या खेळात राजाला मारायचे नसते, कोंडायचे असते. त्यामुळे राजावर हल्ला झाला की समोरच्याला तसे सांगणे ही रीत झाली: ‘शाह!’, म्हणजे तुझा राजा सांभाळ. आताच्या आंतरराष्ट्रीय नियमांत अशी सूचना देणे बंधनकारक नाही आणि मोठ्या स्पर्धांत कोणी देतही नाही. एवढे अर्थ ज्या आरोळीतून निघाले, ती तिच्या जन्मस्थानी मुकी झाली आहे.

जोडीच्या ‘मात’बद्दल अभ्यासकांत जुना वाद आहे. अरबीत ‘माता’ म्हणजे मेला, म्हणून ‘शाह मात’ म्हणजे राजा मेला, असे पुष्कळ पुस्तकांत छापलेले असते. फारसीत मात्र ‘मात’ म्हणजे थक्क झालेला, हतबल, काय करावे ते न सुचणारा. मला दुसरा अर्थ पटतो. पटावर राजा कधीच मरत नाही. डाव संपतो तेव्हाही तो आपल्या घरात उभाच असतो, फक्त त्याला जायला जागा उरलेली नसते. मराठीत आपण संकटावर ‘मात करतो’ तेव्हाही संकटाला मारून टाकत नाही, निष्प्रभ करतो. इंग्रजी ‘चेकमेट’ हा याच दोन शब्दांचा सांधा आहे. त्यातल्या ‘मेट’चा दोस्ताशी संबंध नाही.

शह मिळाला की खेळाडूचे बाकी सगळे बेत थांबतात. वजीर पुढे न्यायचा होता, प्यादे मारायचे होते, ते राहिले बाजूला. आधी राजा वाचवायचा. इंग्रजीतला ‘चेक’ पटावरून खाली उतरला तो या थांबण्याचा हात धरून. आधी अर्थ झाला अचानक बसलेली खीळ. त्यातून अडवणे, रोखणे, लगाम घालणे. मराठीतला शह इथपर्यंत त्याच्या बरोबरीने चालला आहे. वर्तमानपत्रांत रोज कोणी तरी कोणाला शह देत असतो, आणि शह-काटशहाशिवाय महाराष्ट्राच्या राजकारणाची बातमी पुरी होत नाही. (हिंदीत मात्र ‘शह देना’ म्हणजे फूस लावणे. हिंदी बातमी मराठीत आणताना तिथे हमखास पाय घसरतो.)

पण मराठी शह तिथेच थांबला आणि इंग्रजी चेक पुढे गेला. त्याला पुढे नेणारी गोष्ट पटावर नव्हती, सरकारी हिशेबाच्या टेबलावर होती.

इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्या कारकिर्दीत रिचर्ड फिट्झनील नावाचा खजिनदार होता. राजाच्या राज्यारोहणाचे तेविसावे वर्ष चालू असताना, म्हणजे ११७७च्या सुमारास, आपण थेम्सकाठच्या एका बुरुजाच्या खिडकीत बसलो होतो, असे सांगून तो आपल्या पुस्तकाची सुरुवात करतो. लॅटिनमधले हे पुस्तक गुरुशिष्य संवादाच्या रूपात आहे. खजिन्याचे काम कसे चालते ते शिष्य विचारतो आणि गुरू सांगतो. सरकारी कार्यपद्धतीवरचे इतके जुने आणि इतके वाचनीय पुस्तक विरळाच.

शिष्याच्या सुरुवातीच्याच प्रश्नांपैकी एक असा, की खजिन्याच्या या खात्याला एक्सचेकर का म्हणतात. गुरू टेबलाचे वर्णन करतो. सुमारे १० फूट लांब आणि ५ फूट रुंद. काठाला चारी बाजूंनी चार बोटे उंचीची पट्टी, वर ठेवलेले काही घरंगळून पडू नये म्हणून. त्यावर ईस्टरच्या बैठकीसाठी नवे विकत आणलेले काळे कापड, आणि कापडावर फूटभर किंवा वीतभर अंतराने रेघा. हे सगळे बुद्धिबळाच्या पटासारखे दिसते. पटाला लॅटिनमध्ये ‘स्काकारियुम’, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्चेकिए’. त्याचे इंग्रजी रूप ‘एक्सचेकर’. मधला ‘क्स’ फुकटचा आहे. लॅटिनमध्ये ‘एक्स’ने सुरू होणारे पुष्कळ शब्द असतात म्हणून लेखनिकांनी तो इथेही ठोकून दिला. गुरूला आणखी एक साम्य दिसते. टेबलाच्या एका बाजूला खजिनदार आणि समोर शेरीफ, म्हणजे प्रांताचा वसुली अधिकारी. दोघांत डाव रंगतो आणि बाकीचे बघत बसतात. रॉबिन हूडच्या गोष्टींत लोकांना छळणारा नॉटिंगहॅमचा शेरीफ आपल्याला माहीत असतो. त्याच्या पदावरच्या खऱ्या माणसांना ईस्टरला आणि सप्टेंबरअखेर मायकेलमसला या टेबलापुढे येऊन घाम गाळावा लागे, हे त्या गोष्टींत येत नाही.

डाव कसा चाले ते उदाहरणाने पाहू. १२ पेन्सचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा एक पौंड. कापडावर उजवीकडून पहिला रकाना पेन्सचा, दुसरा शिलिंगांचा, तिसरा पौंडांचा, चौथा विसांचा, पाचवा शंभरांचा, त्यापुढे हजार आणि दहा हजार. समजा एका शेरीफकडून २७३ पौंड येणे आहे. शंभराच्या रकान्यात दोन सोंगट्या, विसांच्या रकान्यात तीन, पौंडांच्या रकान्यात तेरा. तो १९० पौंड घेऊन आला. त्याखालच्या ओळीत शंभराची एक, विसांच्या चार, पौंडांच्या दहा. मग वरून खालचे काढत जायचे. जिथे वरच्या सोंगट्या कमी पडतील तिथे शेजारचा शंभर मोडून पाच विसा करायच्या. शेवटी वर उरतात चार विसा आणि तीन. त्र्याऐंशी पौंड बाकी. शेरीफला वाचता येत नसले तरी चालते, सगळे त्याच्या डोळ्यांदेखत होते. आपल्याकडच्या ज्या म्हाताऱ्या आजही ‘तीन विसा आणि पाच’ असे वय सांगतात, त्यांना हे टेबल पाच मिनिटांत समजले असते.

शेजारी बसलेला लेखनिक हाच हिशेब चामड्याच्या गुंडाळीवर उतरवी तो मात्र रोमन आकड्यांत, आणि रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणे म्हणजे शिक्षाच. त्यांच्याकडे शून्य नव्हते. कापडावर रिकामा रकाना हेच शून्य. मोजणीचे असे फळे ग्रीक-रोमन काळापासून युरोपात होते, त्यामुळे ही युक्ती इंग्रजांनी शोधली असे नाही. तरीही एका गोष्टीचे नवल वाटतेच. चौसष्ट घरांचा खेळ आणि दशमान अंकलेखन, दोन्ही भारतातून इराणी-अरबी हातांनी पश्चिमेला गेली. इंग्लंडच्या खजिन्यात त्यातला खेळ आधी शिरला, तोही नुसत्या नावाने. आपले अंक युरोपातल्या व्यापाऱ्यांना समजावून सांगणारे फिबोनाचीचे पुस्तक आले १२०२ साली, आणि सरकारी खात्यांनी ते स्वीकारायला आणखी काही शतके घेतली.

खेळाच्या पटावरून ‘चेकर’ म्हणजे चौकडी हा अर्थ आला आणि तोच आपल्या चेक्सच्या शर्टावर आहे. मोटारींच्या शर्यतीतल्या काळ्या-पांढऱ्या झेंड्यावरही तोच. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही ‘चान्सलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणतात. ऋषी सुनक २०२० ते २०२२ या काळात त्या पदावर होते. शब्दशः अर्थ लावायचा तर ते बुद्धिबळाच्या पटाचे कारभारी होते.

एक्सचेकरमध्ये पैसे भरले की पावती मिळे, पण कागदाची नव्हे, लाकडाची. हेझेल झाडाची टीचभर काठी घ्यायची. अंगठा आणि तर्जनी ताणून जेवढे अंतर होते तेवढी तिची लांबी ठरलेली होती. तीवर रकमेप्रमाणे खाचा. हजार पौंडांसाठी तळहाताच्या जाडीएवढी खाच, शंभरासाठी अंगठ्याच्या रुंदीची, विसासाठी करंगळीएवढी, एका पौंडासाठी भरलेल्या जवाच्या दाण्याएवढी, शिलिंगाची त्याहून बारीक. आणि पेनीसाठी लाकूड न काढता नुसता चरा. मग काठी उभी चिरायची. एक फाळी पैसे भरणाऱ्याकडे, दुसरी सरकारजमा. पुढच्या वेळी दोन्ही फाळ्या एकमेकींना लावल्या की खाचा जुळल्या पाहिजेत आणि लाकडाच्या रेषाही. एकाने गुपचूप एखादी खाच वाढवली तर दुसरी फाळी त्याला उघडे पाडणार. सरकारकडच्या धाकट्या फाळीला ‘फॉइल’ म्हणत. काउंटरफॉइल या शब्दात ते नाव अजून आहे.

या काठ्या सातशे वर्षे चालल्या. १७८२ साली संसदेने त्या बंद करण्याचा कायदा केला, पण जुने मानाचे अधिकारी असेपर्यंत पद्धत चालू ठेवायची असे ठरले, त्यामुळे प्रत्यक्षात ती १८२६ साली बंद पडली. मग साठलेल्या ढिगाचे काय करायचे? १६ ऑक्टोबर १८३४ रोजी दोन गाड्या भरून काठ्या लॉर्ड्स सभागृहाखालच्या भट्टीत जाळायला घेतल्या. वाळलेले लाकूड, वर घाईने भरलेले. दुपारी चारच्या सुमारास सभागृह बघायला आलेल्या पाहुण्यांना बुटांतून जमिनीची धग जाणवली आणि धुरामुळे भिंतीवरची विणकामाची चित्रे नीट दिसेनात. कोणी फारसे मनावर घेतले नाही. संध्याकाळी ज्वाळा बाहेर आल्या आणि रात्रीत ब्रिटिश संसदेची दोन्ही सभागृहे जळून गेली. चित्रकार टर्नरने ती आग पाहून नंतर रंगवली. बिग बेनसह जी संसद आपण फोटोंत पाहतो, ती त्या राखेवर उभी राहिलेली नवी इमारत आहे.

काठीच्या दोन फाळ्यांत जो विचार आहे, तोच ‘चेक’च्या पुढच्या अर्थात आहे. लबाडीला रोखायचे तर नोंदीची एक जोडप्रत दुसऱ्याच्या ताब्यात हवी. अशा रोखणाऱ्या प्रतीला, नोंदीला, खुणेला ‘चेक’ म्हणू लागले. मग तिच्याशी मेळ घालून पाहण्याच्या कृतीलाही तोच शब्द लागला. शाळेत आपण गणिताचा ताळा करायचो तसा हा ताळा. सतराव्या शतकात अडवण्याचा चेक असा तपासण्याचा चेक झाला. अर्थाने एवढी मोठी उडी कशी मारली असे वाटत असेल तर ‘कंट्रोल’ हा शब्द पाहावा. तो ‘काँत्र-रोल’, म्हणजे ताळ्यासाठी ठेवलेली दुसरी गुंडाळी, यावरून आला. तिथे तपासणीतून ताबा निघाला, इथे ताब्यातून तपासणी. दोन्हींच्या मधे हिशेबनीसच बसलेला आहे.

आता बँकेचा चेक. अमक्याला इतके पैसे द्या असे सावकाराला लिहिलेले पत्र ही कल्पना जुनी आहे. आपल्या हुंडीवाल्यांना ती कोणी शिकवावी लागली नाही. इंग्लंडमधल्या हातात असलेल्या सर्वांत जुन्या चेकपैकी एक १६ फेब्रुवारी १६५९चा. निकोलस व्हॅनेकर नावाच्या व्यापाऱ्याने लंडनच्या मॉरिस आणि क्लेटन या पेढीला लिहिले, की डेल्बो यांना ४०० पौंड द्यावेत. हाताने लिहिलेली साधी चिठ्ठी. तिला त्या वेळी चेक कोणी म्हणत नव्हते.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘चेक’ म्हणत ते चिठ्ठीला नव्हे, तर चिठ्ठी फाडून घेतल्यावर मागे राहणाऱ्या पट्टीला, म्हणजे स्थळप्रतीला. रकमेत खाडाखोड झाली तर ती पट्टी चोराला शह देणार, म्हणून ती चेक. १७१७च्या सुमारास बँक ऑफ इंग्लंडने खातेदारांना खास कागदावरचे छापील, क्रमांक घातलेले नमुने द्यायला सुरुवात केली. खातेदाराने स्वतः येऊन रोखपालाकडून ते न्यायचे. हळूहळू पट्टीचे नाव पट्टीसह छापलेल्या कागदाला चिकटले आणि पट्टीला मग काउंटरफॉइल म्हणायला लागले.

इंग्रजी स्पेलिंगमधला शेवटचा ‘क्यूयूई’ मात्र मुद्दाम लावलेला आहे. जेम्स विल्यम गिलबार्ट या बँकरने १८२७ साली आपल्या बँकिंगवरच्या पुस्तकात ते रूप पसंत केले. गोंधळ टळतो आणि एक्सचेकरशी नाते दिसते, अशी त्याची कारणे होती. ब्रिटनने ते मानले, अमेरिकेने नाही. अमेरिकेत तपासणे, हॉटेलचे बिल, बँकेचा कागद आणि ‘बरोबर’ची खूण, चारही एकाच स्पेलिंगने चालतात, आणि तिथे कोणाची अडचण झाल्याचे दिसत नाही. आपल्याला तर देवनागरीत ती भानगडच नाही.

भारतात १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टने चेकची व्याख्या केली. तोच कायदा अजून चालतो. न वटलेल्या चेकबद्दल तुरुंगात घालू शकणारे कलम १३८ त्यात १ एप्रिल १९८९ पासून लागू झाले. सरकारी मराठीने ‘धनादेश’ हा शब्द घडवला. तो अर्थाला नेमका आहे, बँकांच्या फलकांवर आणि बातम्यांत टिकलाही आहे. पण ‘धनादेश वटला का?’ असे घरात कोणी विचारत नाही. ‘चेक वटला’ मधले ‘वटणे’ हे क्रियापद मात्र अस्सल मराठी. फारसी राजा, फ्रेंच उच्चार, इंग्रजी कागद आणि शेवटी मराठी क्रियापद, असे दोन शब्दांचे ते वाक्य आहे.

२०१२च्या एप्रिलपासून आपल्याकडे चेकची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली. फोनवरून पैसे पाठवता यायला लागल्यापासून पुष्कळांच्या कपाटात चेकबुक नुसते पडून असते. ते एकदा काढून बघा. जुन्या चेकबुकात प्रत्येक पानाच्या डावीकडे एक अरुंद पट्टी असे, तारीख, नाव आणि रक्कम टिपायला. आता बहुतेक बँका ती देत नाहीत. नोंदीसाठी एखादे कोरे पान जोडतात आणि तेही आपण भरत नाही. मूळचा चेक ती पट्टी होती.